छताला वेल्ड केलेली डिश

आमच्या शेडमध्ये घरं तयार होतात, पण चाकांवरची. टेम्पो ट्रॅव्हलर आत येते तेव्हा नुसता रिकामा डबा असतो. बाहेर पडते तेव्हा तिच्यात पलंग, ओटा, बेसिन, खिडक्यांना पडदे. लोक तिला कॅराव्हॅन म्हणतात आणि पोरंबाळं घेऊन कोकणात जातात. वेल्डिंग आणि सांगाडा नवरा बघतो. आतलं फर्निचर, पडदे आणि गिऱ्हाइकांची कटकट माझ्याकडे. चाकणला कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर आमची शेड आहे, पुढे जेमतेम दोन गाड्या वळतील एवढं अंगण.

एक गिऱ्हाईक सगळं पसंत करून ऐनवेळी फिरलं. त्याची तयार गाडी अंगणात पडून राहिली. त्या गाडीत मी माझ्या वडिलांना आणून बसवलं.

बापाला अंगणातल्या गाडीत ठेवते म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत. त्यांच्यापैकी एकानेही आबांना एक दिवस सांभाळून दाखवलं नव्हतं. आई गेल्यावर आबा कासारवाडीच्या घरात एकटे राहिले आणि एका सकाळी दूध गॅसवर ठेवून बाहेर पडले. सापडले ते रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालताना. मागून लोकल आली असती तर तिचा भोंगा त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. आबांनी उभी हयात कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात काढली होती, आणि कान तिथेच ठेवून ते रिटायर झाले होते. मी शाळेत असतानाच ते ठार बहिरे झाले होते.

मग त्यांना पिंपळे सौदागरला आमच्या फ्लॅटवर आणलं. दिवसभरासाठी बाई ठेवली. ती आठवड्यात पळाली. "ताई, आजोबा बोलतच न्हाईत वो. नुसतं बघत बसत्यात. मला भ्या वाटतं," म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी आमच्याबरोबर आबाही चाकणला. गाडीत पलंग होता, पंखा होता, संडास होता, आणि आबा आमच्या डोळ्यांसमोर होते.

त्या बाईचं खोटं नव्हतं. आबा बोलायचे थांबत चालले होते. पूर्वी घरात त्यांचाच आवाज. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ड्यूटीवरून आले की टीव्हीसमोर बसायचे आणि बातम्यांच्या खाली पळणारी पट्टी मोठ्याने वाचायचे. धरणातला पाणीसाठा, कांद्याचे भाव, कुठल्या तरी मंत्र्याचा दौरा, सगळं. आई कपाळाला हात लावायची आणि खुणेने सांगायची, मला वाचता येतं हो! आबा हसायचे आणि आणखी जोरात वाचायचे.

आई गेली आणि हळूहळू त्यांचं सगळं बोलणं आटलं. जेवण, औषध, अंघोळ, सगळ्याला नुसती मान. शेवटी उरली फक्त ती पट्टी. सकाळी निघायच्या आधी घरी थोडा वेळ वाचायचे, पुढे दिवसभर गाडीत गप्प. मग घरीही वाचेनासे झाले. डॉक्टर म्हणाले, जिभेला, घशाला काही झालेलं नाही, पण या वयात बोलणं एकदा सुटलं की परत आणणं कठीण. त्यांना बोलतं ठेवा. मी मान हलवली आणि बाहेर येऊन रिक्षात बसून रडले. कसं ठेवू बोलतं? कुणाशी बोलतील ते?

पट्टी. माझ्याकडे तेवढंच होतं. दिवसभर पट्टी समोर असेल तर कधी तरी वाचतील.

आधी मोबाइलचं नेट टीव्हीला जोडून पाहिलं. पत्र्याच्या शेडांमध्ये ते गोल गोल फिरत बसायचं, आणि पट्टी अडकली की आबा मान खाली घालायचे. मग कासारवाडीच्या घरावरची डिशची छत्री आणि एचडीचा बॉक्स आणायचं ठरवलं. एचडीच हवं होतं. साध्या चॅनेलवर पट्टीची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसायची.

डिश बसवणारा माणूस बोलावला. त्याने गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ताई, गाडीला डिश लागत नाही. घराचा पत्ता लागतो. ही उद्या नाशिकला गेली तर?"

"ही कुठंही जात नाही, भाऊ."

"चाकं आहेत ना," असं म्हणून त्याने बाइकला किक मारली.

नवरा म्हणाला, "त्याला काय विचारायचं? आपण रोज काय करतो?" आणि त्याने दुपारभर बसून असा ब्रॅकेट बनवला की बघत राहावं. जाड पाइप, दोन्ही बाजूंनी टेकू, सगळं गाडीच्या छताला पक्कं वेल्ड केलेलं. आमच्या धंद्यात हलणारी वस्तू म्हणजे उद्याची तक्रार. खड्ड्यातून गाडी गेली आणि कपाट खडखडलं की गिऱ्हाईक फोन करतं. त्यामुळे त्याचा हातच तसा बसलेला. छत्री आग्नेयेकडे वर बघत होती, चित्र काचेसारखं आलं, आणि नवरा ब्रॅकेटला लोंबकळून म्हणाला, "गोव्यापर्यंत पळव, केसभर हलणार नाही."

आबा पलंगाच्या कडेवर येऊन बसले. पट्टीकडे बघून त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण हलले. मी शेडमध्ये जाऊन उगाच पडद्याचं कापड मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी नवीन टेम्पो ट्रॅव्हलर कामाला आली. तिला जागा करायला आबांची गाडी काढून पलीकडच्या भिंतीला, तोंड फिरवून लावली. टीव्ही काळा. आम्ही दोघं अंगणात उभं राहून वर बघत होतो. छत्री केसभर हलली नव्हती. गाडीबरोबर वळून ती आता शेजारच्या कारखान्याच्या भिंतीकडे बघत होती. जन्मभर गाड्या बनवणाऱ्या आम्हा दोघांच्या डोक्यात हे आलं नव्हतं की गाडी वळते आणि आकाश वळत नाही.

"हसू नकोस," नवरा म्हणाला. मी हसत नव्हते. खिडकीतून आबांकडे बघत होते.

मग सुरू झाला तमाशा. डिश वळवता येईना म्हणून आम्ही अख्खी गाडीच वळवायचो. नवरा स्टिअरिंगवर, मी मागे. थोडी पुढे, थोडी मागे, डावीकडे घ्या, अहो डावीकडे! आत आबा पलंगाची दांडी धरून डुलत बसलेले. कधी साधे चॅनेल लागायचे, एचडी लावलं की चित्राचे चौकोन चौकोन. गाडीची चाकं, अंगण आणि वरचा उपग्रह यांचं काही केल्या जमेना, आणि जमलं की कुणी तरी माल घेऊन दारात यायचं, गाडी काढा. नवऱ्याला ब्रॅकेट कापा म्हटलं की त्याचं तोंड पडायचं. "उद्या करू. त्याला फिरता करायचं काही तरी बघतो." त्याच्या उद्यामध्ये दिवस चालले होते, आणि आबांचे ओठ हलायचेही थांबले होते. एके दिवशी मी त्यांच्यासमोर बसून, तोंड नीट उघडून म्हटलं, "आबा, एकदा माझं नाव घ्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. जेवण झालं का विचारल्यावर हलवतात तशी.

तेव्हा मला भयंकर राग आला. आबांचा, नवऱ्याचा, आधी निघून गेलेल्या आईचा, सगळ्यांचा.

नवरा गाडी पोचवायला नाशिकला गेला होता. मी शिडी लावली, ग्राइंडर घेतला आणि तो देखणा ब्रॅकेट कापून टाकला. एका जुन्या चाकाच्या रिममध्ये पाइप उभा अडकवला, त्यावर छत्री बसवली आणि केबल खिडकीतून आत सोडली. रिम अंगणात, जिथून वरचं आकाश मोकळं दिसतं तिथे. आता छत्री फिरत होती. पण मी बाहेर आणि टीव्ही आत. जरा वळवायचं, धावत जाऊन बघायचं, परत यायचं. ऊन डोक्यावर. सगळ्यांच्या घरी अशा वेळी एक जण वर असतो आणि एक जण खालून ओरडतो, आलं, गेलं, आलं. मी कुणाला ओरडायला सांगू? आत एकच माणूस होता, आणि तो बोलत नव्हता.

आमच्या कासारवाडीच्या घरी तर कुणी ओरडूनही उपयोग नव्हता. वादळाने छत्री फिरली की ती सरळ करायला आबा पत्र्यावर चढायचे आणि त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून आई दारात उभी राहून खुणा करायची. तिथून तिला टीव्हीही दिसायचा आणि आबाही. पंजा हवेत हळूच दाबला की सावकाश, अजून थोडं. हात झटकला की गेलं, मागे घ्या. आणि चित्र आलं की पदर डोक्यावर धरून फडकवायची. मग आबा खाली येऊन टीव्हीसमोर बसायचे आणि ओट्याकडे परतलेल्या आईला हाक मारायचे, ये बघायला, आणि ती तिथूनच पिठाचा हात मनगटातून हलवायची: आले, आले.

मी पुन्हा छत्री वळवली. आता आत जाऊन बघायचं त्राण नव्हतं. पाइपला डोकं टेकून तशीच उभी राहिले आणि मोठमोठ्याने रडले. कोण ऐकणार होतं?

डोळे पुसले तेव्हा गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आलेला दिसला. तो झटकला जात होता. गेलं, मागे घ्या.

मी मागे घेतली. हात थांबला. मग पंजा हवेत हळूच दाबला गेला. सावकाश. अजून थोडं. मी श्वास धरून छत्री इतकी हळू वळवली की ती वळतेय की नाही ते मलाच कळेना. पंजा दाबतच होता. मग हात आत गेला. मी छत्री होती तशीच धरून ठेवली. पुन्हा बाहेर आला तेव्हा हातात त्यांचा खांद्यावरचा टॉवेल होता, आणि आबा तो खिडकीबाहेर फडकवत होते.

नंतर आवाज आला. चिरका, घोगरा, पण अंगणभर. "पवना धरणात... पानीसाठा... वाढला." थांबून, दम घेऊन पुढचं. "कांदा... पुन्हा घसरला."

मला धावत आत जायचं होतं. पण छत्रीचा नट आवळलेला नव्हता. पाना गाडीतल्या ओट्यावर राहिला होता, आणि हात सोडला तर चित्र जाणार होतं. दोन्ही हातांनी छत्री धरून मी तिथेच उभी राहिले.

आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा उजळला होता. आई गेल्यापासून तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

"आईला हाक मार तुझ्या," ते ओरडले. "चित्र आलंय म्हनावं. लवकर ये म्हनावं."

आणि बघत राहिले माझ्याकडे, उत्तराची वाट बघत.

मी एक हात सोडला. दुसऱ्या हाताने छत्री घट्ट धरली, आणि मोकळा हात मनगटातून हलवला: आले, आले. त्यांनी समाधानाने मान डोलवली, आत गेले, आणि पुन्हा वाचायला लागले. नवरा नाशिकहून यायला अजून बराच वेळ होता.