अक्कांच्या बोलायच्या वह्या

थोरल्या जाऊबाईंची जीभ काढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता यांना लिहूनच बोलावं लागेल. जाऊबाईंना मी अक्का म्हणायचे. मिश्रीनं तोंडात झालेली जखम त्यांनी कित्येक महिने कुणाला दाखवली नव्हती. पुण्याहून त्यांना अवसरीला घरी आणलं तेव्हा नाकात नळी होती. त्यांच्या उशाशी भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, मंचरहून आणलेली शाळेची वही ठेवली. अक्कांनी तिच्यात एकच ओळ लिहून माझ्यापुढे धरली, "ही पोरांची हाय. मला माझी दे."

मी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते. मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट बांधून द्यायचे, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. तशीच कोऱ्या कागदांची वही मी बांधून आणली. अक्कांनी ती जवळ घेतली आणि लगेच ढकलून दिली. लाइट, म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन, घेतल्यापासून त्यांना रेक्झिनचाच काय, कसलाच उग्र वास सोसत नव्हता. मग त्यांनी शिलाई मशीनखालच्या चिंध्यांच्या पिशवीकडे बोट दाखवलं. आजाराआधी निम्म्या गावाची ब्लाउजं त्यांच्याच हातची असायची.

त्या चिंध्यांनी बांधलेली पहिली वही बिघडली. खळ कापडातून वर आली, हिरव्या खणावर पांढरे डाग पडले आणि पुठ्ठा पापडासारखा वाकला. अक्कांनी लिहिलं, "अस्तर लाव की कापडाला." मग आम्ही कापडाच्या मागे आधी पातळ कागद चिकटवला, तो वाळू दिला, आणि नंतर ते पुठ्ठ्यावर ओढून कोपरे मुडपले. या वेळी नीट बसलं. पानं त्यांनी स्वतः शिवली, जाड सुईनं, मेण लावलेल्या दोऱ्यानं. शिवताना लाळ गळायची, ती पुसायचं भान त्यांना राहायचं नाही. मी पुसायचे. पुढे दुकानातून आले की आम्ही दोघी त्याच कामाला बसायचो. एक वही भरत आली की दुसरी तयार असायची.

आत्यांना, आमच्या सासूबाईंना, वाचता येत नाही. अक्का लिहायच्या आणि मी वाचून दाखवायचे. गाईला पाणी दाखवलं का. शेजारणीचं ब्लाउज तसंच पडलंय, देऊन टाका. आत्या उत्तर द्यायच्या ते माझ्याकडे बघून. एकदा अक्कांनी इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला, "मी हिकडं बसलीय." मी वाचलं. आत्या उठल्या आणि अक्कांच्या समोर जाऊन बसल्या.

दिवाळीनंतर मानेला परत गाठ आली. दुसरं ऑपरेशन करता येईल, पण उपयोग होईलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भाऊजी गाडी ठरवूनच घरी आले. अक्कांनी वही ओढली, लिहिलं आणि माझ्या हातात दिली.

"मला आता नेऊ नका. घरीच ऱ्हाऊ द्या," मी वाचलं.

"तू मनानं वाचतीस," भाऊजी म्हणाले.

"न्हाई भाऊजी. तुमीच बघा."

त्यांनी वही घेतली. ओळीखालून अडखळत बोट फिरवलं, मग वही मिटून खाटेवर ठेवली. "काय बी लिवलेलं असू दे. डोळ्यादेखत मरू देऊ का हिला?"

"ऐक तिचं," आत्या म्हणाल्या. "लई सोसलंय तिनं."

भाऊजींनी ऐकलं नाही. सकाळी अक्का गाडीत बसल्या तेव्हा मी वही आणि पेन त्यांच्या पिशवीत घातलं. त्यांनी ते बाहेर काढून मला परत दिलं. तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

ऑपरेशन झालं. अक्का शुद्धीवरही आल्या, पण जिवंत घरी काही आल्या नाहीत. त्यांना घेऊन आल्यावर भाऊजी मला म्हणाले, "नर्सबाईनं कागद दिला व्हता तिला. तिनं एक अक्षर लिवलं न्हाई."

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. घरात आम्हीच उरलो तेव्हा भाऊजींनी सगळ्या वह्या काढल्या आणि आत्यांपाशी बसून वाचायला लागले. अडखळत, एकेक शब्द जोडून. गाईचं वाचलं, ब्लाउजाचं वाचलं. मग 'मला आता नेऊ नका' तेही मोठ्यानं वाचलं.

"ते मला तवाच कळलं व्हतं," आत्या म्हणाल्या. "परत कशाला वाचतोस?"

"मला न्हवतं कळलं," भाऊजी म्हणाले.

आत्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. भाऊजींनी तो झटकला नाही आणि मान वरही केली नाही. मी आत जाऊन चूल पेटवली.