थोरल्या जावेची पत्रं

माझ्या थोरल्या जावेला अक्षराची ओळख नव्हती, आणि घरात पत्रं यायची ती मात्र तिलाच. लढाईची वर्षं. आष्ट्याजवळच्या आमच्या घरातले दोघे भाऊ एकाच पलटणीत. थोरले दीर जावेसारखेच निरक्षर. धाकटे, म्हणजे माझे मालक, शिकलेले. तिकडं दिरांची पत्रं मालक लिहायचे आणि इकडं ती जावेला मी वाचून दाखवायची. 'तुझ्या हातच्या कालवणाची लय सय येती.' माझ्या मालकांच्या अक्षरात, आणि दुसरीसाठी! ती पदर तोंडाला लावून हसायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मला का येत नव्हतं? आली होती की, पहिल्या वर्षी तीन. मीच उत्तर धाडलं नाही. आज लिहू, उद्या लिहू. घरातल्या बायकांत लिहितावाचता येणारी मी एकटी, साताऱ्याला मामाकडं राहून शिकलेली. माझं पत्र कसं झोकात नको का व्हायला? पण मायन्यापाशीच घोडं पेंड खायचं.

जावेचं तसलं काही नव्हतं. बाजाराच्या आदल्या दिवशी शेवटची भाकरी तव्यावरनं उतरली, की पिठाच्या हातानंच माझ्यासमोर बसायची. "लिही गं धाकले. म्हशीला रेडकू झालं. परड्याची भिंत पडली. जिवाला जपा. झालं, घाल घडी."

हे काय पत्र म्हणायचं? पण ते जायचं, आणि त्याला उत्तर यायचं.

मग मी वेळापत्रक केलं. सोमवारी मायना, मंगळवारी कच्चं, बुधवारी पक्कं. लाल शाईनं चौकटी आखल्या आणि खळ लावून दाराआड चिकटवलं. इतकं देखणं दिसत होतं म्हणता! त्याच्याकडं बघूनच काम उरकल्यासारखं वाटायचं. एक चौकट तिरकी वाटली म्हणून दुसरं आखलं, मग तिसरं. पत्रासाठी आणलेले कागद त्यातच संपले.

जाऊ एकदा म्हणाली, "माज्याच कागदावर तुज्याबी दोन वळी लिही की."

"तुमच्या उरल्यासुरल्या जागेत?" मी फणकारले.

पुढं दोघे भाऊ रजेवर आले. मालक चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी विचारलं, "एकबी पत्र का न्हाई धाडलंस?"

"आवं, कामातनं सवडच मिळंना," मी म्हटलं.

"दादाची सगळी पत्रं तुझ्या हातची. मीच वाचायचो त्याला. लय हेवा वाटायचा गं दादाचा. वाचून झालं की कागद पालथा करून बघायचो, मागं माझ्यासाठी काय लिहिलंयस का."