विक्रमाला लागणारी तीन वर्षं

एक फलंदाज कसोटीतल्या सर्वाधिक धावांच्या विक्रमाजवळ आलाय. उरलेल्या धावा, वर्षातले सामने, सरासरी असा तक्ता मी आज मांडत होते. शेजारून वाळत्या मोहफुलांचा वास आला आणि सालेकशाच्या आमच्या घराचं अंगण आठवलं.

कित्येक वर्षांपूर्वी तिथे खाटेवर माझे आजारी वडील, बाबूजी, रेडिओवर कसोटीचं समालोचन ऐकत होते. त्यांच्याकडे जेमतेम वर्ष आहे, असं डॉक्टरांनी त्यांच्या आणि माझ्यासमोरच सांगितलं होतं.

"आपला गडी विक्रम कधी मोडून राहिला?" बाबूजींनी विचारलं.

मी तक्ता मांडला. "तीन वर्षं लागतील."

ते हसले. "एवढा बराबर हिशोब कायले करतेस व पोरी?"

मी सरासरी पुन्हा मोजून दाखवली. आज त्यांनी विचारलं असतं, तर न मोजताच म्हटलं असतं, "पुढच्याच मालिकेत, बाबूजी."