खांबांमधली वाट

गव्हाणला आमच्या फार्महाऊसशेजारी तिचं भातशेत आहे. पन्नाशीची, काष्टा नेसणारी ही बाई ट्रॅक्टरवर चढताना चपला काढून टूलबॉक्समध्ये ठेवते आणि अनवाणी गाडी हाकते. बोलताना इंजिन कधी बंद करत नाही. तिच्याशी बोलायचं असेल तर आपण ओरडायचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "मंग?" असतंच, आपण आधीच भांडण काढल्यासारखं.

तिच्या शेताकडे जाणारी जुनी वाट पलीकडच्या शेठच्या बंगल्यामागून जाते. चाकांनी हिरवळ खराब होते म्हणून शेठने वाटेवर दोन लोखंडी खांब रोवले. मोटरसायकल आरामात जाईल, पण तिचा ट्रॅक्टर अडेल अशा बेताने. सगळ्यांनी तिला तक्रार कर म्हणून सांगितलं, मीसुद्धा. ती खांबांच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरून अंतर बघितलं आणि निघून गेली.

नांगरणीच्या वेळी आली ती द्राक्षबागेत चालवतात तसल्या बुटक्या, अरुंद ट्रॅक्टरवर. मोठा विकून टाकला होता. मागे जोडलेल्या, माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरसकट ती खांबांना न घासता आत शिरली. शेठ गवत कापायच्या मशीनवर बसून फेऱ्या मारत होता. तिने चक्क इंजिन बंद केलं. शेठचं मशीन थांबेपर्यंत वाट पाहिली. मग आवाज न चढवता म्हणाली,

"खांब आजून जवल आन, शेठ. मी कुदल खांद्यावर टाकून येन, पन येन याच वाटंनी. मंग?"