मधला बांध

शेणवे गावच्या हॉकी टीममधल्या आम्ही बायका कुणाच्या हळदीला भेटलो तरी सरांचे किस्से निघतात. एकीने सुरू केला की दुसरी म्हणते, थांब गो, माझा ऐक. मी गोलकीपर, मागे उभी राहून सगळं बघितलेली. पूर्वी हसून हसून पोट दुखायचं. हल्ली मध्येच कुणीतरी डोळे पुसतं.

*

ही नव्वदनंतरची गोष्ट. सर देशाच्या ज्युनियर मुलींचे कोच. आमचं ग्राउंड मात्र भातकापणीनंतरची दोन खाचरं. एक सरांचं, एक त्यांच्या थोरल्या भावाचं, दादांचं. मध्ये बांध. सर म्हणाले, खेळापुरता फोडू या. दादा म्हणाले, "बापानं वाटनी करून घातलेला बांध हाय. तू विलायतेला जा नायतर चंद्रावर, तो हालनार नाय."

मग आम्ही चेंडू बांधावरून उडवायला शिकलो आणि पाठोपाठ स्वतः उडी मारायला. उडी चुकली की तोंडात माती.

*

एकदा सर परदेशातून थेट खाचरातच आले, अंगात टीमचा ब्लेझर. आम्हाला वाटलं, चॉकलेटं आणली असतील. पिशवीतून निघाला टर्फचा, म्हणजे तिकडच्या ग्राउंडवरच्या प्लास्टिकच्या गवताचा, हातभर तुकडा! पोरींनी आळीपाळीने गालाला लावून बघितला. दादांनीही हात फिरवला आणि विचारलं, "यात भात किती व्हतो?"

*

कमल डोंगरावरच्या पाड्यातली, आमच्यात सगळ्यात फास्ट. तिची आई सोडेना. पोरीचा पाय मोडला तर लाकडं कोण आणणार? सर म्हणाले, मी आणीन. आणि पंधरा दिवसांत कमलचा पाय मुरगळलाच! सरांनी महिनाभर डोक्यावरून मोळ्या वाहिल्या. पाड्यात अजून त्यांना मोळीवाले सर म्हणतात. कोच म्हणजे काय, ते तिथे कुणाला ठाऊक नाही.

*

मग मुंबईत टर्फवर सिलेक्शन. आपल्या खाचरातली एक तरी पोर देशाकडून खेळावी, एवढीच सरांची इच्छा होती. कमल चेंडू घेऊन सुटली, मधल्या रेषेवर आली आणि तिने उडी मारली. तिथे बांध कुठला? चेंडू भलतीकडे गेला. दुसऱ्यांदाही तेच. बाकावरचे लोक हसले. यादी सरांच्याच हातात होती. त्यांनी तिचं नाव स्वतः खोडलं.

आसनगाव स्टेशनवरून जीपने गावी येताना कमल रडत होती. सर म्हणाले, "रडू नको गो. तू काय चुकली नाय. मीच तुला बांधावर खेळवली."

*

पुढे कमलचं मुरबाडला लग्न झालं. काही वर्षांनी कापणी आटोपल्यावर सर गेले. त्या सिलेक्शनचं त्यांनी दादांना कधी सांगितलंच नव्हतं. तेराव्याला कमलही लेकराला घेऊन आली होती. जेवताना दादांच्या शेजारी बसून मीच सांगितलं.

दादा पानावरून उठले आणि कुदळ घेऊन खाचरात गेले. कुणाला हात लावू दिला नाही. ऊन उतरेपर्यंत म्हाताऱ्याने एकट्याने अख्खा बांध सपाट केला. मग कमलला हाक मारली आणि तिच्या हातात सरांची स्टिक दिली.

"पळ गो आता," दादा म्हणाले. "मधी काय नाय."

कमलने कडेवरचं लेकरू माझ्याकडे दिलं, पदर खोचला आणि चेंडू घेऊन सुटली. मध्यावर आली आणि तिने उडी मारली.