चपलांची रांग

शरणबसप्पानं पुतळाबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती दवाखान्याच्या ओट्यावर हातात दगड घेऊन उभी होती. दगड कुणाला मारायचा नव्हता. तो तिचा नंबर होता.

"ह्यो हितं ठिवला हुता म्या. त्या कोल्हापुरीच्या मागं," ती लिंबाखाली बसलेल्या सगळ्यांना विचारत होती. "कुणी भिरकावला?"

एक म्हातारा म्हणाला, "दगडाला कुटं नंबर म्हणत्यात का, बाई?"

"तुमच्या चपलंला म्हणत्यात की! तिला तरी कुटं खोकला हाय?"

लिंबाखाली हशा पिकला. शरणबसप्पा मात्र हसला नाही. तो या दवाखान्याचा कंपाउंडर, आणि दाराबाहेरचं कुठलंही भांडण शेवटी आपल्याच टेबलावर येऊन पडतं हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. चिंचखड्याचा सरकारी दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओटा आणि ओट्यासमोर लिंबाचं झाड. डॉक्टर येडशीहून नऊच्या एसटीनं यायचे. एसटी आली तर. लोक मात्र उजाडायच्या आत यायचे, दारापासून एकामागं एक चपला मांडायचे आणि स्वतः लिंबाखाली जाऊन विड्या ओढत बसायचे. ज्याची चप्पल पुढं, तो आधी आत. हा नियम कुणी केला नव्हता, पण सगळे पाळायचे. शरणबसप्पालाही तो पसंत होता. तो उमरग्याकडचा, घरची बोली कानडी, स्वभावानं शांत. चपला एकमेकींशी भांडत नाहीत, एवढंच त्याचं त्यावर म्हणणं होतं.

पण पुतळाबाईच्या पायात चप्पल नव्हती. तिच्या नवऱ्याच्या, कोंडिबाच्या पायातही नव्हती. बौद्धवाड्यात त्या वर्षी ती फार थोड्यांकडं होती.

कोंडिबा उंचापुरा गडी. रस्त्याची खडी फोडून फोडून त्याची छाती गेली होती. क्षय निघाला. डॉक्टरांनी रोज एक सुई सांगितली, सलग तीन महिने. वर बजावलं होतं, "एक दिवसही चुकवायचा नाही. अर्ध्यावर सोडलं तर पुन्हा हेच औषध लागू पडेल याचा भरवसा नाही. मग मी काही करू शकणार नाही." हे पुतळाबाईनं ऐकलं आणि गाठीला बांधलं. कोंडिबानंही ऐकलं, पण त्याला सुईची इतकी भीती होती की एकटा धाडला की तो चहाच्या टपरीपर्यंत यायचा आणि दुपारी घरी जाऊन "दिली, दिली" म्हणायचा. म्हणून तिला बरोबर यावंच लागे.

आणि तिथंच सगळं अडत होतं. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. सातला हजेरी. हजेरी चुकली की तो दिवस गेला, आणि घरात कमावणारी ती एकटी. दवाखान्यात नंबर लागायला दुपार व्हायची. तिनं दगड ठेवून पाहिला, खुरपं ठेवून पाहिलं, एकदा तर डोईची चुंबळ ठेवली. दगड भिरकावला गेला, खुरपं कुणी घरी नेलं, चुंबळीवर कुत्रं झोपलं.

मग तिनं शरणबसप्पाला धरलं. रागात असली की ती त्याला 'कंपोंडर' म्हणे, काम असलं की 'आप्पा'.

"आप्पा, एक इचारू का? सुई डॉक्टर देतो का तुमी देता?"

"मी देतो."

"मग आमाला सकाळी सा वाजता द्या की. तुमी हितंच मागच्या खोलीत ऱ्हाता."

"बाई, तसं देता येत नाही. डॉक्टर हजर लागतात."

"हजर आसून काय करत्यात?"

"काय करतात म्हणजे?"

"तुमी सुई देता तवा ते आत चा पित आसत्यात. म्या बगितलंय."

शरणबसप्पाला राग आला. "नियम आहे!" तो ओरडला.

"कुनाचा?"

"सरकारचा!"

"बरं बरं. वरडू नका, कंपोंडर. सरकार हितं न्हाय."

या बाईला एक उत्तर द्यावं तर ती दोन प्रश्न घेऊन परत यायची. त्यानं तिची सगळ्यांत जास्त धास्ती घेतली ती मात्र वेगळ्या कारणानं. माणसाचं एखादं सुख असतं. शरणबसप्पाचं सुख म्हणजे सकाळची झोप. बायको-मुलं उमरग्याकडं, करमणूक काही नाही, विहिरीला पाणी नाही. पण सात वाजेपर्यंत त्याला कुणी उठवत नसे. सहाला सुई द्यायची म्हणजे पाचला उठून स्टोव्ह पेटवायचा आणि सिरिंज उकळायची. नियमाआड तो आपली झोप राखत होता, आणि पुतळाबाईला हे कळलं असावं असा त्याला दाट संशय होता.

इथून जमेना तशी ती आबारावांकडं गेली. आबाराव सोसायटीचे चेअरमन, आणि त्यामुळं दवाखान्याच्या सल्लागार कमिटीचेही. रुग्णांच्या अडचणी कमिटीनं ऐकून घ्यायच्या होत्या. कमिटी नेमली त्या दिवशी सगळ्यांनी हार घालून घेतले होते, त्यानंतर ती बसली नव्हती.

"कमिटीपुढं ठिवू," आबाराव म्हणाले.

"कवा?"

"बसंल तवा."

"आन् बसंल कवा?"

"ए बाई, तू लई बोलतीस."

महिना असाच गेला. पुतळाबाई एक दिवस कामावर, एक दिवस दवाखान्यात, असं करत राहिली. दवाखान्याच्या दिवशी मजुरी बुडे. कामाच्या दिवशी कोंडिबा एकटा निघे आणि टपरीवर अडके; संध्याकाळी ती त्याला ओढत आणी आणि दवाखान्याला कुलूप असे. मागच्या खोलीचं दार वाजायचं. शरणबसप्पा कपाळाला हात लावून उठायचा, चिडचिड करत एक सुई द्यायचा आणि "उद्यापासून मुळीच नाही" म्हणून सांगायचा. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा वाजायचं.

शेवटी कमिटी बसली. पुतळाबाईसाठी नव्हे. एका कुत्र्यामुळं.

आबारावांना रक्तदाब तपासून घ्यायची आवड होती. दर सोमवारी पहाटे त्यांचा गडी धुळाप्पा येऊन त्यांची चप्पल दाराशी पहिली ठेवायचा. पायात घालायची चप्पल वेगळी. रांगेसाठी त्यांनी एक जुना जोड बाजूला काढून ठेवला होता. त्या सोमवारी कुत्र्यानं त्यातली डावी पळवली. आबाराव दहाला आले तेव्हा धुळाप्पा उजवी हातात धरून उभा होता, आणि दुसऱ्या नंबरचा माणूस म्हणत होता की एका चपलेचा नंबर धरता येणार नाही.

"आरं, चप्पल एक आसली तरी माणूस सबंध हाय ना मी!" आबाराव गरजले.

पुतळाबाई कोंडिबाला घेऊन भिंतीला टेकून बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "ह्येच म्या म्हैनाभर सांगायलीय!"

त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, ओट्यावर मीटिंग भरली. डॉक्टरांना मुद्दाम थांबवून घेतलं होतं. कामावरून लोक आले, पुतळाबाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून पायरीशी बसली. चर्चा कुत्र्यावरून सुरू झाली. ते कुणाचं, ते मारावं की नाही, मारलं तर कुणी, यात बराच वेळ गेला. डॉक्टर सारखे घड्याळ बघत होते, कारण शेवटची एसटी निघायची होती. अखेर ठराव झाला: सोसायटीच्या गोदामाची उरलेली तारेची जाळी आहे, तिचा पिंजरा करून ओट्यावर ठेवावा आणि चपला पिंजऱ्यात, नंबरवारीनं ठेवाव्यात. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं टाळीही वाजवली.

शरणबसप्पा कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. तो तसा कमिटीच्या बाजूचा माणूस, पण त्यालाही क्षणभर वाटलं, हे आपण खरंच ऐकतोय का?

पुतळाबाई उठली.

"बस खाली," आबाराव म्हणाले. "इषय संपला."

"तुमचा संपला. माझा कुटं निगाला आजून? चपलांची सोय केली, लई ब्येस केलं. कुत्र्यापून वाचल्या. आता ज्याच्या पायात काय न्हाय त्येनं काय ठिवावं पिंजऱ्यात? पाय ठिवावा का?"

कुणीतरी हसलं. तिनं तिकडं नुसतं पाहिलं, आणि ते थांबलं.

"मला तुमचा नंबर नगो. पहिला नगो, शेवटचा नगो. माझ्या मालकाला रोज सुई हाय, तपासनी न्हाय. हजेरीच्या आदी तेवढी टोचा, म्या कामावर जाते. सुई चुकली तर मानूस जाईल. हजेरी चुकली तर लेकरं. दोन्ही मलाच बगायचंय. तुमी कुनी बगनार आसला तर सांगा, मी बसते खाली."

पलीकडून आणखी एक बाई म्हणाली, तिच्या सासऱ्यालाही रोजची सुई आहे. मग एक मेंढपाळ बोलला. मग तिघं-चौघं एकदम बोलायला लागले, आणि बाहेर फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

डॉक्टर ताडकन उठले. "शरणबसप्पा, रोजच्या सुया सकाळी सहाला देत जा. मी सही करून ठेवतो. झालं?" आणि पिशवी घेऊन ते पळत सुटले.

शरणबसप्पाचं मत कुणी विचारलं नाही. नियमात बसत नाही म्हणून महिनाभर तो जे सांगत होता, ते एका हॉर्नच्या आवाजात बसून गेलं.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच दार वाजलं.

"आप्पा, उटलाव का?"

"तुम्ही झोपू दिलं तर उठेन ना!"

ही सुरुवात. मग रोजचंच झालं. पाणी उकळलं का, कालच्याच सुईनं आज का, ही सुई आहे का दाभण, दगडावर घासून घ्या की जरा. कोंडिबा डोळे मिटून भिंतीकडं तोंड करी आणि ती त्याला म्हणे, "खडी फोडताना डोंगर फोडला, आन् आता शेळीवानी काय करताय?" हळूहळू पाच-सहा जण यायला लागले. शरणबसप्पा जांभया देत, मनातल्या मनात कानडीत शिव्या मोजत सुया टोचायचा. सात वाजता ओटा रिकामा व्हायचा आणि मग त्याला झोप येत नसे, याचा त्याला आणखी राग.

तिसरा महिना लागला. कोंडिबाचा खोकला कमी झाला, अंगावर मूठभर मांस आलं. आणि एका सकाळी दार वाजलंच नाही.

शरणबसप्पानं स्टोव्ह विझवला. बाकीच्यांना सुया दिल्या. साडेसहा झाले. आता खरं तर अंथरुणावर पडायला हरकत नव्हती. तो दारात येऊन उभा राहिला. ज्या बाईनं आपली झोप घालवली ती आज बिनधास्त झोपली आहे, या विचारानं त्याचं डोकं फिरलं. त्यानं सिरिंजचा डबा उचलला आणि तो तडक बौद्धवाड्याकडं निघाला. इतक्या दिवसांत तो तिकडं पहिल्यांदाच जात होता.

घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, "कोंडिबा काल सांजच्यालाच गेला की येडशीला, खडीच्या मशिनीवर. म्हनला, म्या बरा झालो. पुतळा राती कामावून आली, तिला कळलं, तवाच गेली त्येच्या मागं. चालत."

शरणबसप्पा डबा घेऊन परत आला. ओट्यावर पिंजऱ्यात चपला नंबरवारीनं बसल्या होत्या. तो त्या दिवशी प्रत्येकावर खेकसला.

नऊची एसटी आली. आधी पुतळाबाई उतरली. तिच्या मुठीत कोंडिबाच्या सदऱ्याचं टोक होतं, त्यामागं कोंडिबा, आणि त्याच्यामागं, उतरायला वाट मिळत नसल्यामुळं वैतागलेले डॉक्टर. ती कुणाकडं न बघता ओटा चढून सरळ दाराशी आली.

"आरं, नंबर!" लिंबाखालून एकजण ओरडला. "आमच्या चपला हायत्या हितं!"

"चपला तुमच्या चुलीत घाला!" शरणबसप्पा एवढ्या जोरात ओरडला की डॉक्टर पायरीवरच थांबले. "बाई, आत या. आणि या शहाण्यालाही आणा."

पुतळाबाई आत आली. पाय धुळीनं भरलेले, टाचेला रक्त. तिनं कोंडिबाला बाकावर बसवलं आणि डब्याकडं बघितलं.

"सकाळचीच हाय ना ही? गार झाली आसंल. परत उकळा, कंपोंडर."

शरणबसप्पानं स्टोव्हला पंप मारायला घेतला.

सुया पुऱ्या झाल्या. कोंडिबानं पुन्हा खडी फोडली नाही. शेळ्या राखल्या आणि नातवंडं बघितली. पिंजरा वर्षभर टिकला, मग त्यात कुणाच्या तरी कोंबड्या बसायला लागल्या. सकाळी सहाची सुई मात्र शरणबसप्पाची बदली झाल्यावरही चालू राहिली. नव्या कंपाउंडरनं हरकत घेतली, तेव्हा लोकांनी त्याला पुतळाबाईचं घर दाखवलं.

कोंडिबा आता नाही. पुतळाबाई येडशीला धाकट्या मुलाकडं असते, आणि महिन्यातून एकदा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दवाखान्यात स्वतः चालत जाते.