हडळीची दुरुस्ती

पिंपळे सौदागरला एका जिमच्या वरच्या मजल्यावर शापित हवेली आहे. तिकीट काढून आत जायचं आणि तासाभरात कोडी सोडवून बाहेर पडायचं, असा खेळ. आत सोडण्याआधी आमच्या जिवाची जबाबदारी आमच्यावरच असल्याच्या कागदावर सह्या घेतल्या. एवढा थाट आमच्या लग्नातही नव्हता.

आम्ही चौघं होतो: मी, बायको, मुलगी आणि सासरे. सासरे चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर होते. हात थरथरू लागले तशी त्यांनी नोकरी सोडली, आणि नंतर घरातला बल्बसुद्धा बदलला नाही. "हे हात आता जेवण्यापुरते," म्हणायचे. त्यांना घराबाहेर काढायचं म्हणून बायकोने हा बेत केला होता.

तिसऱ्या खोलीत एका पेटीतून हडळ उठली, अर्ध्यावर अडखळली आणि कुरकुरत परत बसली.

"आजोबा, हिचे पण गुडघे गेलेत," मुलगी म्हणाली.

सासऱ्यांनी पेटीला कान लावला.

"बाबा, चावी शोधा. वीसच मिनिटं उरलीत," बायको म्हणाली.

"तार पुलीवरून उतरलीय. मोटर जळेल अशाने." मग छताजवळच्या स्पीकरकडे बघून, "ओ मॅडम, हिचा सप्लाय बंद करा."

स्पीकरमधून इतका वेळ किंचाळणारी बाई एकदम माणसासारखी बोलली. "काका, सामानाला हात नाही लावायचा."

"म्हणून तर आधी बंद करायला सांगतोय."

थोड्या वेळाने, "केला."

"कोणी केला?"

"मी."

"मग मी सांगितल्यावर तूच चालू करायचा. दुसऱ्या कोणी नाही. म्हण बरं."

तिने शब्दन् शब्द म्हटला.

मी टॉर्च धरला. पेटीच्या कडेपर्यंत त्यांचा हात थरथरत गेला. मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो. बोटांना तार लागली आणि हात थांबला. नुसता कमी थरथरला असं नाही, स्थिर झाला. केसाएवढी तार त्यांनी न बघता खाचेत बसवली.

"कर चालू."

हडळ उठली. सावकाश, अख्खी, छतापर्यंत. तिथून तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मुलगी मला बिलगली. मीही तिला जरा जास्तच घट्ट धरलं.

घंटा झाली. आम्ही हरलो होतो. दिवे लागले, आणि स्पीकरवाली बाई स्वतः आत आली.

"हिची मान वळते हे मलाच माहीत नव्हतं," ती म्हणाली.

सासरे पेटीत वाकलेलेच होते. "डावीकडे अजून अडकतेय. जा, बंद कर परत."